जुना भविष्यनिर्वाह निधी : काढावा की नव्या नोकरीत न्यावा?

मुलांचे संगोपन, घरातील दुखणी-खुपणी किंवा पतीची बदली अशा कारणांनी नोकरी सोडलेल्या अनेक स्त्रिया आठ-दहा वर्षांनी पुन्हा नोकरीकडे वळतात. पुरुषांवरही कधी कधी ही वेळ येते. अशा वेळी जुन्या कंपनीतील भविष्यनिर्वाह निधीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. बहुतेकांचा कल पैसे काढून मोकळे होण्याकडे असतो. तो नेहमीच चुकीचा असतो असे नाही. मात्र निर्णय घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. ज्याला आपण 'पीएफ' म्हणतो, त्या एकाच क्रमांकाखाली दोन वेगळे हिशेब नांदत असतात.

पहिला हिशेब भविष्यनिर्वाह निधीचा. त्यात व्याज मिळते आणि रक्कम वाढत जाते. २०२४-२५ या वर्षासाठी हा दर ८.२५ टक्के होता. दुसरा हिशेब १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचा. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के रक्कम या योजनेत जाते. परंतु ती ठरावीक वेतनमर्यादेपर्यंतच. ही मर्यादा पूर्वी ६,५०० रुपये होती, ती १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये झाली. या दुसऱ्या हिशेबात सदस्याच्या नावावर व्याज साचत नाही, साचतात ती सेवेची वर्षे.

पहिल्या हिशेबाबाबत फारसा विचार करण्याचे कारण नाही. नव्या नोकरीत निधी असेल तर जुनी रक्कम तेथे वळती करावी. जुनी सेवा नव्या सेवेला जोडली गेल्याने पाच वर्षांच्या सलग सेवेची करसवलतीची अट पूर्ण होणे सुकर होते. खाते तसेच पडून राहिले तरी २०१६ मधील बदलानंतर त्यावर व्याज मिळते, हे खरे. तथापि नोकरी सुटल्यानंतरच्या काळातील व्याज करपात्र ठरते, असा निर्णय आयकर अपील लवादाच्या बंगळुरू खंडपीठाने २०१७ मध्ये दिला होता.

खरा पेच आहे तो निवृत्तिवेतनाचा. मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. ती सलग असण्याची गरज नाही. मधला खंड वगळून अलीकडची आणि पलीकडची वर्षे एकत्र मोजली जातात. दहा वर्षे भरत नसतील तर ठरावीक कोष्टकानुसार एकरकमी परतावा घेता येतो. पण तो घेतला की ती वर्षे कायमची पुसली जातात.

समजा, एका महिलेने २००४ ते २०१२ अशी आठ वर्षे नोकरी केली. तिचे मूळ वेतन जास्त असले तरी निवृत्तिवेतनाची वर्गणी ६,५०० रुपयांवरच भरली गेली. तिला कोष्टकानुसार मिळणारा परतावा सुमारे ५३ हजार रुपये. तो २०१२ मध्ये घेतला काय किंवा दहा वर्षांनी, रकमेत म्हणण्यासारखा फरक नाही. कारण तो सोडतेवेळचे वेतन आणि सेवेची वर्षे यांवरून ठरतो. आता ती वयाच्या ४८ व्या वर्षी पुन्हा नोकरी धरते आणि ५८ पर्यंत दहा वर्षे काम करते. जुनी सेवा राखली असल्यास वेतन गुणिले सेवा भागिले ७० या सूत्राने जुन्या आठ वर्षांचे साधारण ७४० आणि, १५,००० रुपयांची मर्यादा धरल्यास, नव्या दहा वर्षांचे २,१४० असे मिळून दरमहा जवळपास २,८८० रुपये तिला मिळतील.

परतावा घेतला असल्यास? येथेच अनेकांची गफलत होते. १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० रुपयांपेक्षा अधिक वेतनावर नव्याने रुजू होणाऱ्याला या योजनेचे दारच बंद आहे. जुना सदस्य आत राहू शकतो. परतावा घेतलेला मात्र नवखा ठरतो. म्हणजे आठ वर्षे तर गेलीच, पुढील दहा वर्षांचेही निवृत्तिवेतन गेले. अर्थात मालकाचा दरमहा १,२५० रुपयांचा वाटा मग भविष्यनिर्वाह निधीत जमा होतो आणि दहा वर्षांत व्याजासह सव्वादोन लाखांच्या आसपास पोहोचतो. त्यात ५३ हजार आणि त्यावरील दहा वर्षांचे व्याज मिळवले तर तीन-साडेतीन लाखांची पुंजी होते. निवृत्तिवेतनाच्या मार्गाने एवढी रक्कम हाती यायला सुमारे दहा वर्षे लागतील. त्यानंतरचे सारे वरकड. शिवाय सदस्याच्या पश्चात जोडीदारालाही निवृत्तिवेतन मिळते. मात्र ही रक्कम महागाईनुसार वाढत नाही, हा या योजनेचा मोठा दोष आहे. प्रकृती धडधाकट आणि कुटुंब अवलंबून असेल तर सेवा राखणेच शहाणपणाचे. जुनी सेवा एक-दोन वर्षांचीच आणि पुढेही दहा वर्षे भरण्याची शक्यता नसेल तर परताव्याला हरकत नाही.

निर्णय लांबणीवर पडत असेल तर 'फॉर्म १० सी' भरून परताव्याऐवजी योजना प्रमाणपत्र मागता येते. त्यात सेवेची नोंद सुरक्षित राहते आणि नवी नोकरी मिळताच ते मालकामार्फत सादर करता येते. परताव्यासाठीची दोन महिन्यांच्या बेरोजगारीची मुदत ३६ महिने करण्याचा निर्णय निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला. तेव्हा अर्जापूर्वी लागू नियम पाहून घ्यावा.

रुजू होताना भरावयाच्या 'फॉर्म ११' मध्ये पूर्वी निवृत्तिवेतन योजनेचे सदस्य होता काय, असा प्रश्न असतो. घाईत 'नाही' लिहिले गेले तर वेतन विभाग वर्गणी भरणारच नाही आणि ही चूक कित्येकदा निवृत्तीच्या वेळी उघडकीस येते. ज्यांची नोकरी २०१४ पूर्वी सुटली त्यांच्याकडे 'यूएएन' क्रमांक नसतो. त्यांनी जुनी वेतनचिठ्ठी किंवा वार्षिक निधीपत्रक शोधून खाते क्रमांक मिळवावा. नाव, जन्मतारीख आणि नोकरी सोडल्याचा दिनांक आधारशी व नोंदींशी जुळतो का, हेही आधीच तपासावे. अर्ज अडतात ते बहुधा याच कारणाने. वर्गणी वळती झाल्यावर नव्या पासबुकात निवृत्तिवेतनाच्या रकान्यात शून्य दिसले, तर घाबरून जाऊ नये. त्या रकान्यातील पैसे हलत नसतात, सेवा हलते. ती नोंदली गेली आहे की नाही, हे संकेतस्थळावरील सेवा-इतिहासात पाहावे.