वजनाच्या ऑपरेशननंतर शुगर का पडते? गोड किती द्यायचं?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण घरात कुणाचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं असेल तर शेवटपर्यंत ऐका. समजा ऑपरेशन पुण्यात झालंय, सर्जन तिकडे आणि शुगर पडते ती इकडे, कराडला नाहीतर विट्याला, जेवणानंतर दीड-दोन तासांनी. त्या वेळी जवळ असता तुम्हीच.

होतं काय?

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराचा एक छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे खाल्लेलं भराभर आतड्यात उतरतं आणि रक्तातली साखर झपकन चढते. आतड्यातून जीएलपी-1 नावाचं हार्मोन भरपूर सुटतं, त्यामुळे इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त येतं. मग 1 ते 3 तासांत साखर धाडकन खाली. स्लीव्हनंतरही हे होतं, पण बायपासनंतर जास्त. बहुतेकदा ऑपरेशनला वर्ष उलटल्यावर सुरू होतं, म्हणून त्याचा संबंध कुणी ऑपरेशनशी लावतच नाही.

ओळखायचं कसं?

दरदरून घाम, हात थरथरणं, धडधड, एकदम भूक. पुढे बोलणं अडखळतं, गोंधळ होतो. जेवल्यावर अर्ध्या तासातच पोटात कळ आणि जुलाब झाले, तर ते बहुधा ‘डम्पिंग’, शुगर पडणं नव्हे. म्हणून आधी ग्लुकोमीटर लावा. 70 च्या खाली म्हणजे कमी, 54 च्या खाली म्हणजे गंभीर. मशीन जवळ नसेल तर वाट बघू नका, उपचार करा.

लगेच काय करायचं?

15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण 3 चमचे पावडर, पाण्यातून. 15 मिनिटांनी परत तपासा. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. साखर वर आली की मूठभर शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं.

आता आपल्याकडची खरी गडबड. माणसं घाबरून ग्लासभर उसाचा रस पाजतात, वर दोन कंदी पेढे देतात. हेतू चांगलाच असतो, पण एवढी साखर गेली की परत इन्सुलिन उसळतं आणि तासाभरात शुगर पुन्हा पडू शकते. इथे गोड हेच औषध आहे आणि गोड हेच कारण. फरक फक्त मापाचा.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

परत होऊ नये म्हणून

थोडं थोडं, दिवसातून 5-6 वेळा खा. आधी डाळ, उसळ, पनीर, अंडं. भाकरी नंतर आणि कमी. नुसता भात, पोहे, गोड चहा, रस टाळा. जेवताना पाणी पिऊ नका. खाल्लेलं आणि शुगरचे आकडे वेळेसकट मोबाईलमध्ये लिहून ठेवा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

अॅकार्बोज नावाची गोळी चालू असेल, तर नेहमीची साखर किंवा पेढा लवकर काम करत नाही. तिथे ग्लुकोजच लागतं. एक पुडी खिशात, एक गाडीत. आणि हात थरथरत असताना गाडी अजिबात चालवायची नाही.

हा एपिसोड घरच्या ग्रुपवर टाका. अडचणीच्या वेळी पेशंटला स्वतःला सांगता येईलच असं नाही, शेजारच्याला माहीत हवं. भेटू पुढच्या भागात!