ठोकल्यानं तांबं कडक का होतं?

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडवलेला एखादा बंब किंवा हंडा जवळून पाहा. त्यावर हातोडीच्या ठशांच्या एकसारख्या ओळी दिसतात. या कामाला मठारकाम म्हणतात. ते निव्वळ शोभेसाठी असतं, असं आम्ही बरीच वर्षं समजत होतो. शोभा त्यात आहेच. पण मठारल्यानं पातळ पत्रा कडक होतो, भांडं सहजी चेपत नाही. हे ठोकणं तांबं थंड असताना होतं. धातुशास्त्रात यालाच कोल्ड वर्किंग म्हणतात.

आता प्रश्न असा, की ठोकल्यानं बळ का यावं? ‘धातू दाबला जातो, घट्ट होतो’ हे उत्तर आपण लगेच देतो. ते पटतंही, पण चूक आहे. ठोकलेल्या पत्र्याची घनता वाढत नाही, किंचित कमीच होते.

मग खरं कारण काय? धातूत अणू ओळींनी रचलेले असतात. मात्र रचना निर्दोष नसते. काही ओळी मध्येच संपतात. अशा दोषाला डिसलोकेशन म्हणतात. मोठं जाजम अख्खं ओढायला जड जातं, पण एका कडेला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली तर ते सहज सरकतं. धातू वाकतो तेव्हा हे दोष असेच आतून सरकत असतात. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे हे मांडलं.

घाव बसले की दोष वाढत जातात. मऊ तांब्यात एका चौरस सेंटिमीटरला ते दहा लाख ते काही कोटी असतात. खूप ठोकल्यावर लाख कोटीपर्यंत जातात. मग ते एकमेकांत अडकतात, सरकू शकत नाहीत. म्हणून मऊ तांब्याचं ताणबल सुमारे २२० मेगापास्कल असतं, तर थंड ओढलेल्या कडक तारेचं ३५० च्या पुढे जातं. म्हणजे थोडे दोष धातूला मऊ ठेवतात आणि तेच दोष बेसुमार वाढले की त्याला कडक करतात!

कारण चुकलं तरी भांडं कडक होतंच ना, असं कुणी म्हणेल. पण धातू नुसता घट्ट होत असता, तर जितकं ठोकू तितकं चांगलं ठरलं असतं. प्रत्यक्षात गुंता वाढला की लवचीकपणा संपतो आणि पत्रा तडकतो. म्हणून तांबट घडवताना भांडं मधूनमधून भट्टीत लाल तापवून मऊ करून घेतो आणि मठारकाम शेवटी करतो. त्यानंतर भांडं पुन्हा लाल तापवलं, की कमावलेलं बळ गेलं.

शिवाय आत ताण कोंडून राहतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. घडवताना राहिलेला ताण, दमट हवा आणि तबेल्यांतला अमोनिया यांनी मिळून ते घडे. उपाय साधा निघाला: काडतुसं बेतानं तापवायची. ताण उतरतो, कडकपणा बराचसा टिकतो.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही हेच सांगत आलो. काम जमलं म्हणजे कारण कळलं असं नव्हे. हात कुठे थांबवायचा, हे खऱ्या कारणावरूनच कळतं. तांबटाला ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावानं कळलं; आपल्याला निदान समजून घेता येतं.