मागचा पट्टा, डावा आरसा

गेल्या दिवाळीत बीड जिल्ह्यातल्या केजहून पुण्याला निघालो होतो. गाडी मामांची. पुढे मामा आणि त्यांचा मुलगा, मागे मामी, मी आणि मामांची सहा वर्षांची नात. बसल्या बसल्या पट्टा ओढला, तो सरसर बाहेर आला, पण अडकवायचं बकल काही सापडेना. सीटवर जाड रेक्झिनचं कव्हर घातलेलं.

"मामा, मागची बकलं कुठं गेली?"

"अरे, टोचतात म्हणून कव्हरखाली दाबलीत. मागं बसणाऱ्याला कशाला लागतंय ते?"

गाडी बाजूला घ्यायला लावली. कव्हरच्या फटीत हात घालून तिन्ही बकलं वर काढली. एकात शेंगेचं टरफल अडकलं होतं. ते आगपेटीच्या काडीनं कोरून काढलं, तेव्हा कुठे पट्टा 'टक्' करून बसला.

मामांचं हे वाक्य कुठेही ऐकायला मिळेल. पण ते बीड जिल्ह्यात ऐकलं की मला जास्त लागतं. ३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले होते. परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचा हा माणूस केंद्रात ग्रामविकास मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि त्या दिवशी ते आपल्या बीडकडेच येत होते. पृथ्वीराज रस्ता आणि तुघलक रस्त्याच्या चौकात दुसऱ्या गाडीची धडक बसली. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. पोटात यकृताला इजा होऊन रक्तस्राव झाला आणि तासाभरातच सगळं संपलं. रस्ता हायवे नव्हता, घाट नव्हता, राजधानीतला रुंद, सकाळचा मोकळा रस्ता होता. मागचा पट्टा नुसता शोभेचा असतो या गैरसमजापायी आपण मित्र गमावला, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. 'शोभेचा' हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. गाडीतल्या किती गोष्टी आपण शोभेच्या करून टाकल्या आहेत, हे त्यानंतर दिसायला लागलं.

"मागच्या सीटला पुढच्या सीटचा आधार असतो"

आधार नाही, तीच आदळण्याची जागा असते. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी कशावर तरी आपटून थांबते, तेव्हा गाडी थांबते, माणूस थांबत नाही. तो त्याच ४० च्या वेगानं पुढे जातो. हा वेग म्हणजे साधारण सहा मीटर उंचीवरून, दोन मजली घराच्या गच्चीवरून खाली पडण्याइतका. त्या वेगानं मागचा माणूस पुढच्या सीटच्या पाठीवर येतो, म्हणजे पट्टा लावून बसलेल्या पुढच्या माणसालाही तो चिरडतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, त्या गाडीत मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. मागचे दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. गाडी महागडी होती, एअरबॅगही होत्या.

मागचा पट्टा कायद्यानं अलीकडे आला, हाही एक गैरसमज. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो पूर्वीपासून आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे पट्टा न लावल्यास १००० रुपये दंड आहे, आणि १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यानं किंवा मुलांच्या खास सीटमध्ये नीट बसवलं नाही तरी तेवढाच. मांडीवरचं मूल आईनं घट्ट धरलं की झालं, असं वाटतं. पण धडकेच्या क्षणी दहा किलोच्या लेकराचा ओढा इतका वाढतो की पैलवानाच्या हातातूनही ते निसटेल. पुढच्या सीटवर मांडीत बसलेलं मूल तर एअरबॅग आणि मोठं माणूस यांच्या मधोमध सापडतं.

गरोदर बाईनं पट्टा लावू नये, असं घरातली वडीलधारी माणसं काळजीपोटीच सांगतात. लावायचा, पण नीट. खालची पट्टी पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर बसली पाहिजे. वरची पट्टी छातीच्या मधून आणि पोटाच्या बाजूनं गेली पाहिजे. पोटावरून पट्टी गेली तर मात्र ती नको तिथेच दाबते.

एअरबॅग आहे म्हणून पट्टा नको, हे तर अगदी उलटं आहे. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीला म्हणून बनवलेली असते. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि माणूस पट्ट्यानं जागेवर धरलेला आहे असं गृहीत धरून फुगते. पट्टा नसलेला माणूस पुढे फेकला जात असतानाच ती उघडली, तर तिचाच तडाखा बसतो. तरीही पट्टा न लावल्याची बीपबीप बंद करायला बकलात नुसती रिकामी क्लिप खोचणारे कमी नाहीत. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांतून अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती काढायला लावल्या.

"रात्रीचा प्रवास आहे, सीट मागे पाडून झोप"

बीडहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. १४ ऑगस्ट २०२२ ला बीडचेच नेते विनायक मेटे पहाटे याच वाटेवर, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ अपघातात गेले. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांत ही रात्रीची वाट नेहमीची आहे, हे सांगायला नको. तेव्हा ड्रायव्हरशेजारच्या माणसानं सीट पूर्ण पाडून, पट्टा लावून झोपणं हा एक फसवा प्रकार समजून घ्यायला हवा. सीट आडवी झाली की वरची पट्टी छातीपासून लांब, हवेत राहते. धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे सरकतो, कमरेची पट्टी पोटात घुसते आणि वरची गळ्याशी येते. पट्टा लावलेला असतो आणि तरीही तो नसल्यासारखाच. झोपायचंय तर मागे, सरळ पाठीनं, पट्टा लावून. डॅशबोर्डवर पाय टाकून बसणं त्याहून वाईट. तिथली एअरबॅग उघडली की गुडघे थेट तोंडावर येतात.

"हेडरेस्टच्या सळईनं काच फोडता येते, ती त्यासाठीच असते"

हा व्हॉट्सॲपचा संदेश दर पावसाळ्यात फिरतो. हेडरेस्ट सुटी निघते ती खालीवर करायला आणि कव्हर घालायला. काच फोडायला ती बनवलेली नाही. अडचणीत एखाद्याच्या हातून तिनं काच फुटलीही असेल, पण घाईत, पाण्यात, तेवढ्याशा जागेत तो उपाय भरवशाचा नाही. काही गाड्यांत बाजूची काचही दोन थरांची असते, ती सळईला दाद देत नाही.

तिचं खरं काम मानेचं आहे. मागून कुणी धडकलं की धड पुढे ढकललं जातं, डोकं मागे राहतं आणि मान चाबकासारखी झटका खाते. डोकं मागे जाऊ न देणं एवढ्यासाठी ती आहे. तिचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याइतका उंच हवा आणि डोक्यामागे चार बोटांहून जास्त अंतर नको. आपल्याकडे ती बहुतेक गाड्यांत तळाला दाबलेली असते. उंच माणसाच्या मानेपाशी ती येते आणि नेमकी तिथेच मान मोडायचा टेकू बनते. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून पुढच्या सीटना ती सक्तीची झाली, ती डुलकी काढायला नव्हे.

आता ड्रायव्हरची सीट

"मी स्टेअरिंगला चिकटून बसतो, तेव्हा पुढचं नीट दिसतं," असं नवशिके म्हणतात. जुने लोक उलट, एक हात खिडकीत टाकून आरामखुर्चीत बसल्यासारखे बसतात. दोन्ही चूक. कंबर सीटच्या पाठीला पूर्ण टेकवून क्लच तळापर्यंत दाबावा. तेव्हाही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. खांदे न हलवता हात पुढे केला तर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टेअरिंग यांच्यात साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर नि वर थोडी जागा. उंची कमी असेल तर बऱ्याच गाड्यांत सीटच्या उजव्या अंगाला उंची वाढवायचा खटका असतो. तो न वापरता खाली उशी घेतली तर ब्रेक लावताना उशी घसरते आणि तिच्याबरोबर माणूसही.

दाराच्या खांबावर, पट्टा जिथून येतो तिथे खालीवर होणारी कडी पुष्कळ गाड्यांत असते. पट्टा गळ्याला घासतो म्हणून बायका तो काखेखालून घेतात. तसं करू नये, कडी खाली घ्यावी. पट्टा खांद्याच्या मधोमध आला की घासत नाही.

आणि हे सगळं गाडी उभी असताना. चालत्या गाडीत सीटचा दांडा ओढला आणि त्याच क्षणी ब्रेक लावावा लागला तर सीट रुळावरून सरकते आणि पाय पेडलवर कुठे पडेल याचा भरवसा राहत नाही. सीट सरकवली की ढकलून बघावी, 'खट्' असा आवाज येईपर्यंत.

"आरशात आपली गाडी दिसली म्हणजे आरसा बरोबर"

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज हाच. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांपैकीही पुष्कळजण असंच शिकवतात. आपल्या गाडीचं दार, हँडल, मागचं चाक आरशात दिसलं की बरं वाटतं. पण आपली गाडी कुठे आहे हे आपल्याला ठाऊकच असतं. ठाऊक नसतो तो शेजारून येणारा मोटारसायकलवाला. आरशाचा जो भाग आपलं दार दाखवण्यात जातो, तेवढाच रस्ता झाकला जातो.

जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्यानं १९९५ मध्ये आरसे बाहेरच्या बाजूला फिरवून लावायची एक रीत मांडली. आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत ती अशी: डोकं उजव्या खिडकीच्या काचेला जवळजवळ टेकवायचं आणि उजवा आरसा इतका बाहेर फिरवायचा की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसावी. मग डोकं दोन सीटच्या मधोमध न्यायचं आणि डावा आरसा तसाच बाहेर फिरवायचा. परत सरळ बसलं की दोन्ही आरशांत आपली गाडी दिसत नाही. पहिल्या दिवशी चुकल्यासारखं वाटतं. पण नंतर मागची गाडी आधी आतल्या आरशात, तिथून सुटायच्या आत बाहेरच्या आरशात आणि तिथूनही सुटायच्या आत डोळ्याच्या कोपऱ्यात दिसते. तरीही वळण्याआधी मान फिरवून बघायचंच, कारण दुचाकीला लपायला फार जागा लागत नाही. बोळातून गाडी मागे घेताना मात्र चाक दिसणं गरजेचं असतं, तेव्हा पुढे वाकून बघावं किंवा आरसा तेवढ्यापुरता खाली करावा.

डावा आरसा तर आपल्याकडे अर्धा वेळ मिटलेलाच. बीडच्या सुभाष रोडच्या गर्दीत मिटला की सोलापूर–धुळे महामार्गाला, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५२ ला लागल्यावरही मिटलेलाच राहतो. पूर्वी कित्येक गाड्यांना तो येतच नसे, त्यामुळे एका पिढीला त्याच्याशिवायचीच सवय. पण ओव्हरटेक करून परत डावीकडे येताना, मागे टाकलेली उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली संपली की नाही, हे तोच सांगतो. त्यात एक बारकावा आहे. बाहेरचे आरसे फुगीर असतात, जास्त रस्ता दाखवतात, पण सगळं लहान आणि लांब दाखवतात. आतला आरसा सपाट असतो. म्हणून अंतराचा अंदाज आतल्या आरशावरून घ्यायचा. ट्रॉली आतल्या आरशात पूर्ण दिसली की डावीकडे यायला हरकत नाही.

सीताफळाच्या दिवसांत आतला आरसाही आंधळा होतो. धारूरकडून येताना मागची डिकी छतापर्यंत क्रेटांनी भरलेली असते आणि आरशात फक्त क्रेट दिसतात. तेव्हा दोन्ही बाहेरचे आरसे हेच डोळे, आणि क्रेट दोरीनं बांधलेले हवेत, नाहीतर ब्रेक लागताच ते मागच्या माणसांच्या मानेवर येतात. आरशाला लटकवलेलं लिंबू-मिरची, देवाची माळ, बाहुली यांनीही समोरचा तेवढा तुकडा झाकला जातो. देव डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बसवावा, तिथून तो सगळं बघतो.

आतल्या आरशाखालचा छोटा खटका अनेकांना आरसा हलवायचा वाटतो. तो रात्रीसाठी आहे. आरशाची काच एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असते. दिवसा काचेमागचा चकाकता थर प्रकाश परतवतो. खटका ओढला की त्या थराचं प्रतिबिंब छताकडे जातं आणि डोळ्यांपर्यंत फक्त काचेच्या पुढच्या पृष्ठभागाचं येतं, म्हणजे शंभरातले चारेक भाग. मागच्या ट्रकचा अप्पर तेव्हा दोन फिकट ठिपके होतो. सकाळी खटका परत ढकलायला विसरू नये.

बाजारात गाडी उभी करून दार उघडताना मीही पूर्वी उजव्याच हातानं उघडायचो. आता डाव्या हातानं उघडतो. डावा हात उजव्या दाराकडे नेला की अंग आपोआप वळतं, नजर मागे जाते आणि येणारी सायकल दिसते.

पुण्याहून परतल्यावर मामांना गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेलं. ते ड्रायव्हर सीटवर, त्यांचा मुलगा गाडीच्या मागून दोन हात अंतर ठेवून डाव्या बाजूनं सावकाश पुढे चालत आला. मागच्या चाकाच्या जरा मागे पोचला तेव्हा मामा म्हणाले, "गेला. कुठंच दिसत नाही." तो तिथेच उभा राहिला. मामांनी डोकं दोन सीटच्या मधे नेलं, आरशाचं बटण डावीकडे दाबलं, थोडं, अजून थोडं, मग सरळ बसले.

"दिसला," म्हणाले. "चप्पल पण दिसती."