मूलग्रंथिकांतील जंतू
हवेत आकारमानाने सु. ७८% नायट्रोजन असला, तरी वनस्पतींना तो वायुरूपात वापरता येत नाही. शिंबावंत वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत (मूलग्रंथिकांत) राहणारे जंतू त्याचे अमोनियात रूपांतर करून तो वनस्पतीस पुरवितात व मोबदल्यात तिच्याकडून अन्न घेतात. एम्. डब्ल्यू. बायेरिंक यांनी १८८८ मध्ये हे जंतू अलग केले.

लातूर जिल्ह्यातील अहमदपूर भागात तूर व सोयाबीन ही दोन्ही पिके घेतात. परंतु तुरीवरील जंतू सोयाबीनच्या मुळांवर सहसा कार्यक्षम गाठी निर्माण करीत नाहीत. म्हणून सोयाबीनच्या १० किग्रॅ. बियाण्यास ब्रॅडिऱ्हायझोबियम जपोनिकम या जंतूचे २५० ग्रॅ. संवर्धन चोळतात आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरतात. बुरशीनाशक वापरावयाचे असल्यास ते आधी लावतात. कापलेली गाठ आतून तांबूस दिसल्यास ती कार्यक्षम समजावी. युरियाची मात्रा अधिक झाल्यास गाठी कमी येतात. खर्च वाढून हवेतील नायट्रोजनाचा लाभ मात्र घटतो.

सोयाबीनमधील बराचसा नायट्रोजन दाण्यांबरोबर शेताबाहेर जातो. मुळे व पालापाचोळा कुजल्यावर उरलेल्या नायट्रोजनापासून अमोनिया बनतो व जमिनीतील इतर जंतू त्याचे नायट्रेटात रूपांतर करतात. तेच पुढील पिकास मिळते. काड जाळल्यास हा वाटा बव्हंशी हवेत जातो.