400 डॉलरची टिनाची होडी

दादाच्या ड्राइव्हवेमध्ये एक होडी उभी आहे, हे वहिनीने मला एअरपोर्टवरून घरी येतानाच सांगितलं. तेही अशा सुरात, की जणू दादाने दुसरं लग्न केलंय!

गोष्ट 2024 च्या मार्चअखेरची. मी मिनियापोलिसजवळच्या एका उपनगरात माझ्या मावसभावाकडे दोन महिने राहायला गेले होते. डोक्यात प्लॅन एकदम साधा. म्युझियम्स बघायची, कॉफी प्यायची, जमलं तर दोन-चार लेख पाठवायचे. प्रत्यक्षात माझे निम्मे वीकेंड हातात जड लोखंडी ठोकळा धरून, कानात बोळे घालून, ट्रेलरखाली उकिडवं बसण्यात गेले. आणि खरं सांगू? जाम मजा आली.

आधी जरा मिनेसोटाबद्दल. इथल्या गाड्यांच्या नंबर प्लेटवर ‘10,000 लेक्स’ असं लिहिलेलं असतं, पण तो विनय आहे. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर आकडा 11,842 भरतो. मासेमारी इथे छंद नाही, सणच आहे. वॉलआय हा इथला लाडका मासा. त्याचा सीझन मे महिन्यातल्या एका शनिवारी उघडतो, त्याला नुसतं ‘ओपनर’ म्हणतात. 1948 पासून राज्याचे गव्हर्नरसुद्धा त्या दिवशी गळ टाकायला जातात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातात ना, तसंच काहीसं. फक्त इथे समुद्र उधाणलेला नसतो, तळं गोठलेलं असतं.

दादाचं आणि माझं आजोळ मालवणचं. लहानपणी आजोबांबरोबर गरवायला जायचं, पावसाआधी वर ओढलेल्या होडीच्या फटींत राळ भरताना बघायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. नंतर पुणे, इंजिनीअरिंग, एच-वन-बी, दोन बेडरूमचं घर... होडी राहूनच गेली. मग 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्याकडेच्या एका ‘फॉर सेल’च्या पाटीने घात केला. 1960 च्या दशकातली, 14 फुटी, ॲल्युमिनियमची होडी. ट्रेलरसकट 400 डॉलर. म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण 33 हजार रुपये.

“एवढ्यात आपल्याकडे सेकंडहँड बाइक येते गं,” दादा मला म्हणाला. बाइक सुरू तरी होते, हे वहिनीचं उत्तर.

विमानातून पाण्यात

या होड्यांना अमेरिकेत लाडाने ‘टिन बोट’ म्हणतात. टिनाचा संबंध शून्य. दुसरं महायुद्ध संपलं, विमानांच्या ऑर्डरी आटल्या आणि ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडण्यात हात बसलेले कारागीर नवीन काम शोधू लागले. विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीतल्या विल्यम हॉफमनला 1944 मध्ये जड लाकडी कनू खांद्यावरून वाहताना ॲल्युमिनियमच्या कनूची कल्पना सुचली. मिनेसोटात 1946 मध्ये ॲल्युमाक्राफ्ट आली, 1948 मध्ये लुंड. लाकडासारखं दरवर्षी भेगा बुजवणं नाही, पत्रा गंजून लाल होत नाही, दोन माणसं उचलू शकतात. त्यामुळे साठ वर्षांच्या होड्या आजही कुणाच्या ना कुणाच्या अंगणात उलट्या पडलेल्या दिसतात.

ॲल्युमिनियम मरत नाही. मरतं ते त्याला जोडलेलं बाकीचं सगळं, आणि नेमकं ते वरून दिसत नाही.

दादा हे सगळं हिवाळ्यात निवांत शिकणार होता. पण फेब्रुवारीत त्याची नोकरी गेली.

एच-वन-बीवर नोकरी गेली, की तुमच्याकडे 60 दिवस असतात. तेवढ्यात नवीन कंपनीने तुमचे कागद दाखल करायचे, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मी पोचले तेव्हा चाळिसावा दिवस उलटून गेला होता. घरात आवाज न चढवता बोलायची सगळ्यांनी सवय लावून घेतली होती. सकाळी इंटरव्ह्यू, दुपारी रेझ्युमे, आणि चार वाजले की दादा बाहेर होडीपाशी. एकदा वहिनी मला किचनमध्ये म्हणाली, “घर विकायचं का, हा प्रश्न आहे आमच्यापुढे. आणि हा माणूस रिव्हेट मोजतोय.” तिचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. दादाचंही नाही.

23 खुणा

आता रिव्हेट मोजणं म्हणजे काय? होडी पाण्यात टाकून कुठून गळते ते बघणं कठीण असतं. म्हणून उलटा फंडा. होडी ट्रेलरवर ठेवायची, बुडाला नीट टेकू द्यायचे आणि आत पाणी भरायचं. चार-पाच इंच बास. जास्त भराल तर पाण्याच्या वजनानेच ट्रेलर वाकेल. मग खाली सरपटत जाऊन जिथे जिथे थेंब धरतोय तिथे मार्करने गोल करायचा. हे काम आठ वर्षांच्या पुतणीने केलं. खाली तीच मावत होती. तिने 23 गोल काढले.

त्यातले बरेचसे रिव्हेट नुसते ढिले झालेले. ते पुन्हा आवळता येतात, पण दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून शेपटीवर हातोडी मारायची. शेपटी पसरते, भोक बंद होतं. ठोकळा धरणारी अर्थातच मी! पहिल्या दिवशी संध्याकाळी मला चहाचा कप धरता येईना. झिजलेले रिव्हेट मात्र ड्रिलने काढून नवे घालावे लागले, बंद टोकाचे, सीलंटमध्ये बुडवून. साधे पॉप रिव्हेट वापरले तर त्यांच्या पोटातूनच पाणी येतं.

हे सगळं शिकवणारे गुरू म्हणजे शेजारचे काका. आयुष्यभर विमानांच्या दुरुस्तीत काम करून रिटायर झालेले. बोलायचे कमी. येऊन नखाने रिव्हेट टोकरायचे आणि एक तर मान डोलवायचे, नाहीतर “नोप.”

सीटखालचा फोम बाहेर काढला तेव्हा एक बॉम्बच फुटला. हा फोम बसायला मऊ लागावं म्हणून नसतो. होडीत पाणी भरलं तरी ती तरंगत राहावी म्हणून असतो. एक घनफूट चांगला फोम सुमारे 27 किलो तोलून धरतो. आमचा फोम पिळला तर पाणी गळत होतं. बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवला, 31 किलो! म्हणजे होडीला तारायला ठेवलेली वस्तू तिलाच खाली ओढत होती.

दादाचं स्वप्न खरं तर मोठं होतं. पुढे उंच डेक, त्यावर कार्पेट, फिरती खुर्ची. यूट्यूबवर असे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि दिसतात सॉलिड. पण अरुंद, हलक्या होडीत माणूस जितका उंच उभा, तितकी ती डुलणार. काकांनी एका “नोप”मध्ये विषय संपवला. बँक बॅलन्सनेही त्यांनाच मत दिलं. मला विचाराल तर त्या व्हिडिओंपैकी निम्म्या होड्या फोटो काढण्यासाठीच बनवल्यात.

पाठीमागचं लाकूड

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफर आली. पगार आधीपेक्षा कमी, पण कागद मुदतीत दाखल झाले. त्या रात्री वहिनीने साबुदाण्याची खिचडी केली. उपास नव्हता, तिला नुसती खावीशी वाटली.

आणि तिथेच घोळ झाला. नोकरी सुरू, वेळ नाही, ओपनर 11 मेला. दादाला घाई झाली. उरलं होतं ते ट्रान्समचं काम. ट्रान्सम म्हणजे होडीची मागची सपाट भिंत. मोटार तिथे लटकते. आमची जुनी 9.9 हॉर्सपॉवरची मोटार पस्तीसेक किलोची. तो सगळा भार, वर मोटारीचा जोर, हे पत्रा नाही पेलत. आत बसवलेलं प्लायवुड पेलतं. आधीच्या मालकाने ते बदलल्याचं दिसत होतं. बाहेरून टकाटक. दादा म्हणाला, “हे असू दे. पुढच्या वर्षी बघू.”

काकांनी स्क्रूड्रायव्हर लावला. पातं मुठीपर्यंत आत गेलं.

लाकूड काढलं आणि आम्ही तिघंही गप्प. मागच्या पत्र्याला चाळणीसारखी भोकं. कारण लाकडाचा हिरवट रंग. ते कीड-बुरशी लागू नये म्हणून औषध मुरवलेलं लाकूड होतं आणि त्या औषधात तांबं असतं. ओलाव्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले, की शाळेत शिकलेली बॅटरी तयार होते आणि तीत झिजतं ते ॲल्युमिनियम. पटत नसेल तर स्टीलच्या डब्यात लोणचं ठेवून वर ॲल्युमिनियम फॉइल लावा, फॉइल लोणच्याला टेकू द्या. काही दिवसांनी बघा. आधीच्या मालकाने वाईट मनाने काही केलं नव्हतं. उलट टिकाऊ म्हणून जास्त पैसे देऊन त्याने ते आणलं असणार.

“ती बसणार आहे ना यात?” वहिनीने एवढंच विचारलं. पुतणी तेव्हा अंगणात लाइफ जॅकेट घालून सायकल चालवत होती. मे महिन्यातलं तिथलं पाणी अंग बधिर करण्याइतकं गार असतं. दादाने सुट्टीचा विषय नव्या बॉसकडे काढायची हिंमत केली नाही. तीन आठवडे रात्री दहापर्यंत अंगणात दिवा लावून काम चाललं.

भोकांवर आतून ॲल्युमिनियमचा पत्रा, सीलंट, रिव्हेट. पाऊण इंची, औषधाशिवायच्या प्लायवुडचे दोन थर इपॉक्सीने एकत्र चिकटवलेले. कडांना आणि बोल्टच्या प्रत्येक भोकाच्या आतून पुन्हा इपॉक्सी, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. सीलंट पूर्ण वाळायला आठवडा लागतो आणि तो आठवडा कुणाला घाई आहे म्हणून कमी होत नाही. रंग शेवटी, तोही बाहेरूनच. एकूण खर्च? 1,100 डॉलरच्या पुढे गेला तेव्हा दादाने बिलं जपून ठेवणं बंद केलं.

किती माणसं बसवायची याची होडीवर पाटी नव्हती; ती 1972 नंतरच्या होड्यांवर सापडते. मग सोपं गणित. फुटांमध्ये लांबी गुणिले रुंदी, भागिले 15. आमचं उत्तर साडेचारच्या किंचित खाली आलं. म्हणजे चार. दादा, वहिनी, पुतणी, मी.

10 मेच्या रात्री दिवे लावून शेवटचे बोल्ट तपासत होतो, तर काका रस्त्यातून ओरडले, “लाइट्स ऑफ! वर बघा!” आकाश गुलाबी आणि हिरवं झालं होतं. त्या रात्रीच्या सौरवादळाने अरोरा कुठल्या कुठे खाली उतरला होता. वहिनी नाइट गाऊनवर शाल घेऊन बाहेर आली आणि कुणी न सांगता होडीच्या काठावर टेकून उभी राहिली. आख्ख्या दोन महिन्यांत तिने होडीला हात लावलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

सकाळी साडेपाचला वाकोनिया तळ्यावर ट्रेलरांची ही रांग! होडीच्या बुडाचा बूच रस्त्यावर असताना काढून ठेवावाच लागतो, हा इथला कायदा आहे. एका तळ्यातल्या झेब्रा शिंपल्या दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. आणि मग उतरवताना तो लावायला विसरणं हा इथला नेहमीचा विनोद. आमचा बूच पुतणीच्या खिशात होता. तिने तो स्वतः बसवला, दोनदा तपासला.

होडी पाण्यात गेली. सगळ्या रांगेतले लोक तळ्याकडे बघत होते, आम्ही चौघं आमच्या पायांकडे. दहा मिनिटं. कोरडं. अर्धा तास. कोरडं. मग मधल्या सीटखाली ओली रेघ दिसली. दादाने खिशातून मार्कर काढला, वाकून गोल केला आणि शेजारी लिहिलं, 24.

वॉलआय आमच्याकडे फिरकलासुद्धा नाही. पुतणीला तळहाताएवढा एक सनफिश लागला. वहिनीने तो ओंजळीत धरून नीट न्याहाळला, परत पाण्यात सोडला आणि दादाला म्हणाली, “पुढच्या शनिवारी डबा घेऊन येऊ. उपाशी कोण बसणार इथे?”