इन्सुलिन नव्हे, इन्युलिन!

मधुमेह झाला म्हटले की रुग्णाच्या ताटातून सर्वांत आधी बटाटा आणि रताळे हद्दपार होते. ‘जमिनीखालचे काही खायचे नाही’ असे घरची मंडळीच ठरवून टाकतात. अशा वेळी ‘परदेशात एक कंद मिळतो, तो मधुमेहाला चालतो, त्यात इन्सुलिनच असते’ असे कोणी सांगितले, तर रुग्णाला आशा वाटणे साहजिक आहे. मात्र या सांगण्यात निम्मे खरे आहे आणि निम्मे धोक्याचे.

सूर्यफुलाचा भाऊबंद

हा कंद म्हणजे जेरुसलेम आर्टिचोक किंवा सनचोक. जेरुसलेम शहराशी त्याचा काही संबंध नाही. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला आणि सूर्यफुलाचा जवळचा नातलग. झाड दोन-तीन मीटर उंच वाढते. वर लहान पिवळी फुले येतात आणि खाली आल्याच्या गड्ड्यासारखे गाठीगाठीचे कंद धरतात. फ्रेंच प्रवासी साम्युएल द शांप्लेन याने १६०५ मध्ये केप कॉडच्या किनाऱ्यावर मूळ रहिवाशांच्या बागांत हे पीक पाहिले. सूर्यफुलाला इटालियन भाषेत ‘जिरासोले’ म्हणतात. त्याचेच इंग्रजांच्या तोंडी ‘जेरुसलेम’ झाले, असे सामान्यतः मानतात.

थंड हवामानाच्या देशांत याची लागवड सोपी असते. बटाट्याप्रमाणे डोळे असलेले बेणे वसंतात दहा-पंधरा सेंटिमीटर खोल लावतात. जमीन फार कसदार नसली तरी चालते, पण पाणी साचता कामा नये. दिवस लहान होऊ लागले की कंद पोसतात आणि वरचे झाड वाळले की काढणी होते. साल पातळ असल्याने काढलेला कंद लवकर सुकतो. म्हणून तो ओलसर वाळूत ठेवतात किंवा लागेल तसा जमिनीतून खणून काढतात. कंदाचा एखादा तुकडा जरी मातीत राहिला तरी पुन्हा उगवतो. त्यामुळे हे पीक एकदा शेतात शिरले की हटवणे कठीण जाते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये बटाटा दुर्मिळ झाला, तेव्हा लोकांनी याच कंदावर दिवस काढले. ते इतके खावे लागले की युद्धानंतर अनेकांना त्याचे नावही नकोसे झाले.

मग इन्युलिन म्हणजे काय?

शंभर ग्रॅम कंदात सुमारे ७८ ग्रॅम पाणी, १७ ग्रॅम कर्बोदके आणि दोन ग्रॅम प्रथिने असतात. लोह आणि पोटॅशियमही चांगले असते. बटाट्यातील कर्बोदके मुख्यतः स्टार्चच्या रूपात असतात आणि त्यांची पोटात ग्लुकोज साखर बनते. या कंदात स्टार्च जवळजवळ नसतो. त्याऐवजी इन्युलिन असते. इन्युलिन आपल्या लहान आतड्यात पचत नाही, म्हणून रक्तातील साखर बटाट्याइतकी वाढत नाही. एवढा भाग खरा.

पण इन्युलिन म्हणजे इन्सुलिन नव्हे. १८०४ मध्ये ‘इन्युला’ नावाच्या वनस्पतीच्या मुळात हा पदार्थ सापडला, त्यावरून त्याला इन्युलिन हे नाव मिळाले. तो एक प्रकारचा तंतुमय पदार्थ आहे. इन्सुलिन हे स्वादुपिंडातील पेशींच्या बेटांत तयार होणारे संप्रेरक आहे आणि त्याचे नाव ‘बेट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले. ते एक प्रथिन असल्याने नुसते तोंडावाटे घेतले तर पोटात पचून जाते. म्हणून १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णाला दिले गेले तेव्हापासून मुख्यतः टोचूनच घ्यावे लागते. एका अक्षराच्या फरकाला भुलून कोणी इंजेक्शन बंद केले, तर शरीरात आम्ल साचून एक-दोन दिवसांतच जिवावर बेतू शकते. विशेषतः लहानपणापासून मधुमेह असलेल्यांनी हे कधीही विसरू नये.

पोटाचे काय?

न पचलेले इन्युलिन मोठ्या आतड्यात जाते. तेथील उपयोगी जंतूंचे ते खाद्य आहे आणि त्याने शौचास साफ होण्यास मदत होते. मात्र जंतू ते आंबवतात तेव्हा वायू तयार होतो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये हा कंद लावणाऱ्या जॉन गुडइयर या वनस्पतितज्ज्ञानेही पोटातील वाऱ्याची तक्रार लिहून ठेवली आहे. ज्यांना वारंवार पोट फुगण्याचा, मुरडा येण्याचा त्रास आहे, त्यांनी जपूनच राहावे.

हा कंद आपल्या मंडईत सहसा दिसत नाही, आणि त्यासाठी हळहळण्याचे कारणही नाही. कांदा, लसूण आणि थोड्या प्रमाणात केळे यांतही इन्युलिन असते. कॉफीत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळापासून काढलेले इन्युलिन हल्ली पावडरच्या रूपाने विकले जाते, बिस्किटांत आणि पौष्टिक पदार्थांतही घालतात. डब्यावरचे नाव नीट वाचा. पावडर घ्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, अगदी थोड्या प्रमाणाने सुरुवात करा आणि पाणी भरपूर प्या. तिला आहारातील तंतू समजा, औषध समजू नका. चालू असलेली गोळी किंवा इंजेक्शन मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.