कारणाचा रकाना

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात महाशिवरात्रीच्या दुपारी पाटा धुऊन अंगणात यायचा. उकळून पिळलेली भांगेची पानं, खसखस, मगज, बडीशेप, काळी मिरी. वरवंटा उचलला की त्याला चिकटून पाटाही उचलला गेला पाहिजे, इतकं बारीक वाटायचं, हे घरातलं माप. संध्याकाळी ठंडाई घेऊन अण्णाकाका बुद्धिबळाचा पट मांडत. तीन चालींत मात करायची एक समस्या त्यांच्या वहीत कितीतरी दिवस अडून बसली होती. रात्री दोनला त्यांनी मला हलवून उठवलं, ‘‘सुटलं बे!’’ सकाळी वही उघडली, तर पेन्सिलीनं ठसठशीत लिहिलेल्या दुसऱ्या चालीत पांढरा उंट स्वतःच्याच प्याद्यावरून पलीकडे गेला होता.

नशेत बुद्धीला नवी वाट दिसते का, हा प्रश्न मला त्या सकाळपासून सोडत नाही.

अमेरिकेत तो प्रयोग म्हणून मांडला गेला. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये विलिस हार्मन, जेम्स फॅडिमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ पुरुषांना २०० मिलिग्रॅम मेस्कलिन, एलएसडीसारखंच भ्रमजनक द्रव्य, दिलं. त्यांत अभियंते होते, भौतिकशास्त्रज्ञ होते, वास्तुरचनाकार होते. प्रत्येकानं आपल्या कामातला अडलेला प्रश्न सोबत आणायचा, ही अट. आधी काही तास नुसतं संगीत ऐकत पडून राहायचं, मग कामाला लागायचं. अनेकांना उत्तरं मिळाली. एका इमारतीचा आराखडा तर ग्राहकानं मान्यही केला. निष्कर्ष १९६६ साली छापून आले आणि त्याच वर्षी सरकारनं असे प्रयोग थांबवले. एलएसडीमुळे संगणकयुग घडलं, असं आज जे सांगितलं जातं, त्याला या प्रयोगाचा मोठा टेकू असतो.

पण मेस्कलिन न घेता त्याच खोलीत, तेच संगीत ऐकत, तोच प्रश्न घेऊन बसलेला दुसरा गट तिथे नव्हता. निवडक हुशार माणसं, महिनोन्‌महिने घोळवलेला प्रश्न, निवांत दिवस आणि ‘आज सुटणार’ ही खात्री. यातल्या कशानं काम केलं, ते कसं ठरवायचं?

इथे मला आपल्या नागपूरशी नातं असलेला एक जुना दस्तऐवज फार मोलाचा वाटतो. १८९३ साली ब्रिटिश सरकारनं गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मध्य प्रांताची राजधानी तेव्हा नागपूर, आणि या प्रांतात गांजाची लागवड निमाडातल्या खंडव्याकडे होई. आयोगाचे एक सदस्य, ए. एच. एल. फ्रेझर, याच प्रांतातले आयुक्त. आयोगानं १,१९३ साक्षीदार तपासले. गांजानं माणसं वेडी होतात, हे तेव्हा सर्रास गृहीत धरलेलं, आणि पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे पुढे केले जात. नागपुरात असं इस्पितळ १८६४ पासून होतं.

आयोगानं १८९२ सालातला देशभरातला गांजा-भांगेच्या नावावरचा एकेक दाखला उलगडून पाहिला. त्या वर्षी १,३४४ जण दाखल झाले होते. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेलं. नातेवाइकांकडे, गावात चौकशी केल्यावर त्यातले ९८ च उरले, आणि त्यांतही दुसरं कुठलंच कारण सोबत नसलेले फक्त ६१. कागदावर कारणाचा रकाना होता, तो रिकामा सोडायची सोय नव्हती. पोलीस विचारत, हा गांजा ओढायचा का? कुणी हो म्हटलं की रकाना भरला. माझ्या मते प्रतिभेच्या बाबतीत आपण आज तेच करतो आहोत. एखादा शास्त्रज्ञ एलएसडी घ्यायचा असं कळलं की त्याच्या शोधाचा रकाना भरून मोकळे.

भांग आणि एलएसडी एका पंगतीतली नव्हेत, हेही सांगायला हवं. भांगेतलं टीएचसी मेंदूतल्या वेगळ्या ग्राहींवर काम करतं. एलएसडी आणि काही अळिंब्यांतलं सायलोसायबिन सेरोटोनिनच्या. कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं वगळली आहेत, उलट एलएसडी ०.१ ग्रॅमहून जास्त सापडलं तरी ते व्यापारी प्रमाण धरतात.

दुसरा गट ठेवून केलेले प्रयोग अलीकडे झाले. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला ६० जणांपैकी काहींना सायलोसायबिन, काहींना नुसतीच बनावट मात्रा दिली. निष्कर्ष २०२१ ला आले. अंमल असताना लोकांना आपल्याला काहीतरी गहिरं उमगल्यासारखं वाटे, पण समोर ठेवलेल्या कामावर नव्या कल्पना काढायला सांगितलं की ते मागे पडत. सात दिवसांनी मात्र त्यांच्या नव्या कल्पनांची संख्या वाढलेली दिसली. त्याच वर्षी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या अभ्यासात १९१ जणांनी घरीच, कोणत्या कॅप्सूलमध्ये काय आहे हे स्वतःलाही कळणार नाही अशा बेतानं अशा द्रव्यांच्या सूक्ष्म मात्रा किंवा रिकाम्या कॅप्सूल घेतल्या. रिकाम्या कॅप्सूल घेणाऱ्यांनाही जवळपास तितकंच बरं वाटलं.

मास्ट्रिख्टचं वाचताना मी काकांची वही पुन्हा काढली. ती समस्या त्यांना खरंच सुटली होती, शिवरात्रीनंतर चौथ्या दिवशी, पहाटे नळाखाली बादली भरत असताना. बादली तशीच वाहू देत ते आत आले, ओल्या हातानं लिहू लागले. उंट हलतच नाही, हत्तीचा बळी द्यावा लागतो. त्या पानावर पाण्याचा डाग आहे, तिन्ही चाली आहेत, खाली तारीख आहे. कशानं सुटली, ते त्यांनी लिहिलेलं नाही.